नाव ओठांवर येऊन अडतं

प्रश्न : मी ६३ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. परवा जुनी विद्यार्थिनी भेटली. खिडकीजवळचा तिचा बाक, डाव्या हाताने लिहिणं, सगळं आठवलं. नाव काही केल्या आठवेना. रात्री दिवा मालवताना एकदम आठवलं. पूर्वी पन्नास मुलांची हजेरी मी वही न बघता घ्यायचे. ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही ना?

उत्तर : बाई, रात्री नाव आठवलं ना? मग ते पुसलं गेलेलं नव्हतं, वेळेवर हाती लागलं नाही एवढंच. वय वाढलं की हे होतंच, आणि नावांच्या बाबतीत सगळ्यात जास्त. डावखुरेपणा तुम्ही डोळ्यांनी रोज पाहिलात. नाव मात्र माणसावर कुठे दिसत नाही. त्याला चेहऱ्याशी जोडणारा धागा एकच, तोही बारीक.

स्मरणशक्ती ही एकच एक गोष्ट नाही. १९५३ साली हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराचसा भाग दोन्ही बाजूंनी काढला. त्यानंतर घडलेलं काहीच त्याच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात बसत गेला, पण आपण हे आधी केलंय हे मात्र त्याला ठाऊक नसायचं. हाताची आठवण वेगळी, प्रसंगाची वेगळी. म्हातारपणही या सगळ्या प्रकारच्या आठवणींना सारखं गाठत नाही. शब्दसंग्रह साठीनंतरही शाबूत राहतो. नवं लक्षात ठेवणं आणि चटकन आठवणं मंदावतं.

ती भेटली होती हेच तुम्ही विसरला असतात, रोजच्या वाटेवर चुकला असतात, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारला असतात, तर मी तुम्हाला लगेच बोलावून घेतलं असतं. स्वतः काळजी करत येणाऱ्यांपेक्षा घरच्यांनी हाताला धरून आणलेल्यांची मला जास्त धास्ती वाटते. तरीही थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, ऐकू नीट येतं का तेही पाहा. झोप कमी आहे का, मन उदास आहे का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. त्यानेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत.

आणि ती पुन्हा भेटली, नाव पुन्हा अडलं, तर झटापट करू नका. सरळ विचारा आणि बोलता बोलता दोन-तीनदा तिला नावाने हाक मारा.