गोळी बंद करण्यापूर्वी भीती कशाची आहे, ते नीट पाहा

ताई, तुमचे वय 51, पाळी जाऊन अडीच वर्षे झाली आणि दीड वर्षापासून हार्मोनच्या गोळीने गरम वाफा व रात्रीची जाग थांबली. मात्र ‘याने स्तनाचा कॅन्सर होतो’ असे जाऊबाईंनी सांगितल्यापासून गोळी घ्यावीशी वाटत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. याच भीतीने मीही एकदा गोळी बंद केली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

तेव्हा मी घरात कोणालाच सांगितले नव्हते, डॉक्टरांनाही नाही. पहिले काही दिवस बरे गेले. मग डिसेंबरातल्या एका संध्याकाळी रंकाळ्यावर मैत्रिणी शाली गुंडाळून बसलेल्या असताना माझ्या छातीतून गळ्याकडे आग चढली आणि ब्लाउज पाठीला चिकटला. रात्री तीन-तीनदा उठून उशी उलटी करायची आणि थंड बाजूवर गाल टेकायचा, असे चार महिने काढले. अखेर राजारामपुरीतल्या माझ्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “का बंद केलीत?” ‘लोक म्हणतात म्हणून’ यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हते.

लोक म्हणतात त्याचे मूळ 2002 मध्ये आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासात 16,608 स्त्रियांपैकी निम्म्या इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम हार्मोन) यांची एकत्रित गोळी घेत होत्या आणि उरलेल्या औषध नसलेली गोळी. तो भाग त्या जुलैत मुदतीआधी थांबवला गेला. दरवर्षी 10,000 स्त्रियांमागे स्तनाचा कॅन्सर 30 ऐवजी 38 जणींना झाला होता. धोका खरा होता, पण त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, ही गोष्ट मात्र सांगोवांगीत गळून पडली. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून 10 वर्षांच्या आत, त्रास आहे म्हणून सुरुवात करणाऱ्या निरोगी स्त्रीच्या बाबतीत फायद्याचे पारडे सहसा जड असते, असे आज तज्ज्ञ मानतात.

गर्भाशयाची पिशवी काढलेल्या स्त्रियांचा हिशेब वेगळा असतो. त्यांना एकटे इस्ट्रोजेन चालते, आणि त्याच अभ्यासाच्या त्या भागात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही, पक्षाघात मात्र वाढला. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावेच लागते. त्याने झोप येते म्हणून तेवढीच गोळी गाळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांनी हे कृपया करू नये, कारण त्याने पिशवीचे अस्तर जाड होऊन तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो.

बंद करण्याची खरी कारणेही आहेतच: स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार. अंगावरून अचानक रक्त जाऊ लागले तर तपासणी लांबवू नये. ‘आता मला नको’ हेही पुरेसे कारण आहे. त्रास गोळीचाच असेल, तर कातडीवर लावायचे इस्ट्रोजेनचे जेल मिळते आणि त्यात गुठळीचा धोका तोंडाने घ्यायच्या गोळीसारखा वाढलेला आढळत नाही. मी स्वतः पुढे तेच घेतले.

बंद केल्यावर जवळपास निम्म्या स्त्रियांचा त्रास परततो. डोस हळूहळू कमी केल्यास सुरुवातीचा त्रास सौम्य राहू शकतो. योनीचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ यांबद्दल आपण बोलतच नाही. त्यासाठी तिथेच लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते, आणि तिचा फारच थोडा अंश रक्तात जातो.

तेव्हा मॅमोग्राफीचा रिपोर्ट, रक्तदाबाची नोंद आणि आई-मावशीला कॅन्सर झाला होता का, ही माहिती घेऊन डॉक्टरांना भेटा. तोवर गोळी मनाने सोडू नका. मात्र पोटरी सुजली किंवा छातीत दुखले, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.