प्रश्न तुमचे: तेल पिणारे बुश

एक्झॉस्ट फॅनच्या मोटारीला ब्राँझ पावडरचे नवे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) बसवतो. शाफ्ट घट्ट होतो म्हणून रीमर (भोक मोठं करायचं कापणारं हत्यार) फिरवतो. दोन महिन्यांत बुश कोरडा पडून मोटार किरकिरू लागते. माल खराब येतो का?
– रिवाइंडिंग कारागीर, इचलकरंजी

माल बहुधा ठीक आहे, घात रीमर करतो. या बुशाच्या अंगात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पोकळी असते. शाफ्ट फिरला की ती छिद्रं तेल सोडतात, थांबला की परत शोषतात. रीमर, एमरी किंवा बोथट टूल लागलं की मऊ ब्राँझ छिद्रांवर सारवल्यासारखं पसरतं आणि तोंडं बुजतात. तेल आतच राहतं, शाफ्ट कोरडा.

बोअर (आतलं भोक) आवळतो तो बुश दाबून बसवल्यामुळे. बुश घराच्या भोकापेक्षा बाहेरून जेवढा मोठा (दाब-बैठक), जवळपास तेवढाच आतला व्यास घटतो. म्हणून हातोडी नको. कडक, पॉलिश केलेला मॅन्ड्रेल (मापाचा दांडा) बुशात घालून व्हाइसमध्ये किंवा हँडप्रेसवर सरळ दाबा. 8 मिमी शाफ्टसाठी मॅन्ड्रेल 8.01 ते 8.02 मिमी ठेवा. मॅन्ड्रेल काढला की माप तयार, कापायचं काही उरत नाही.

आणखी दोन सवयी सोडा. नवा बुश पेट्रोलने धुऊ नका, भरलेलं तेल निघून जातं. वर्तमानपत्रात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात सुटेही ठेवू नका, कागद तेल ओढून घेतो. प्लास्टिकची पिशवी किंवा पत्र्याचा डबा बरा. ग्रीसने तर काहीच साधत नाही.

कोरडा झालेला बुश पुन्हा भरता येतो का? तेल किती गेलं हे कसं कळेल?

छिद्रं शाबूत असतील तर येतो. व्हीजी 68 दर्जाचं (हा तेलाच्या दाटपणाचा आकडा) साधं खनिज तेल 80 अंशांपर्यंत तापवा, बुश त्यात तासभर बुडवा आणि *तेलातच* गार होऊ द्या. आतली हवा आकसते तेव्हाच तेल आत ओढलं जातं, त्यामुळे गरम असताना बाहेर काढलात तर अर्धी मेहनत वाया. ग्रॅफाइट घातलेलं तेल वापरू नका, कण छिद्रांत अडकतात. खोबरेल तर नकोच, त्याचा चिकटा होतो.

तपासायला सोनाराचा काटा पुरे. बाहेरचा व्यास 12, आतला 8, लांबी 12 मिमी असा बुश सुमारे 0.75 घनसेंमीचा असतो. आकारमानाच्या 18 टक्के तेल धरलं तर वजन साधारण 0.12 ग्रॅमने वाढायला हवं. 0.03 वाढलं तर छिद्रं बुजलेली समजा.

आम्ही 90 भाग तांबं, 10 भाग कथील आणि 0.75 टक्के झिंक स्टिअरेट (दाबताना घसरण देणारी पूड) मिसळून बुश दाबतो. भट्टीतून बाहेर आल्यावर ते फुगलेले असतात, सायझिंग डायमध्ये (नेमकं माप देणाऱ्या साच्यात) जातच नाहीत.
– लघुउद्योजक, भोसरी

कथील 232 अंशांना वितळून तांब्यात शिरतं आणि जिथे होतं तिथे भोक सोडतं. या टप्प्यात बुश फुगतोच. पुढे 800 अंशांच्या आसपास पुन्हा थोडा द्रव तयार होतो, तेव्हा तो आकसू लागतो. तुमचा माल बहुधा फुगण्याच्या टप्प्यावरूनच परत येतोय. भट्टीच्या मीटरवर विसंबू नका. ट्रेमधल्या मालाजवळ थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) धरून पाहा. 820 ते 830 अंश तापमान मालाला निदान पाच-सात मिनिटं मिळायला हवं. ट्रे गच्च भरले की मधल्या बुशांना ते मिळत नाही, आणि मग एकाच ट्रेमध्ये दोन मापं निघतात.

तापमान बरोबर निघालं तर कच्च्या (भट्टीत जाण्याआधीच्या) बुशाची घनता बघा. जास्त दाबलेला बुश जास्त फुगतो. घनसेंमीला 6.2 ग्रॅमच्या आसपास थांबा. ताकद वाढावी म्हणून प्रेसचे टन चढवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण त्यात फुगवटा वाढतो आणि तेलाची जागा घटते.

बुश काळे निघत असतील तर ते दुखणं वेगळं: स्टिअरेट जळून जायला वेळ मिळत नाही. भट्टीच्या तोंडाकडचा 400 ते 550 अंशांचा भाग लांबवा किंवा माल नेणाऱ्या पट्ट्याचा वेग कमी करा.