असिंक-अवेट असताना नोड.जेएसमध्ये प्रॉमिस वेगळे शिकावे लागते का?

शिकावेच लागते. नोड.जेएस म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन, आणि प्रॉमिस म्हणजे पुढे पूर्ण होणाऱ्या किंवा फसणाऱ्या (रिजेक्ट होणाऱ्या) कामाची जणू पावती. त्या निकालाची वाट पाहणारे अवेट प्रॉमिसवरच उभे आहे, आणि ‘अवेट लिहिले की कोड ओळीने चालतो, आत काय घडते ते कशाला बघायचे’ हे एका जुन्या नोकरीत आमच्या टीम लीडकडून मी इतक्यांदा ऐकले आहे की तुमचा प्रश्न वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही.

तिथे महिनाअखेरीस ग्राहकांना ईमेलने बिले जात. बिलांच्या यादीवर फॉरईच (यादीतल्या प्रत्येक घटकासाठी दिलेले फंक्शन चालवणारी सोय) चालवून त्यातल्या असिंक फंक्शनमध्ये मेल पाठवणाऱ्या ओळीपुढे अवेट लावलेले होते आणि या सगळ्याला बाहेरून चुका पकडणारे ट्राय-कॅच होते. परंतु आतले फंक्शन जे प्रॉमिस परत देते, त्याच्याकडे फॉरईच पाहतही नाही. त्यामुळे मेल पोहोचण्याआधीच पडद्यावर ‘सर्व बिले पाठवली’ असे झळके, आणि नंतर एखादे प्रॉमिस रिजेक्ट झाले तर ते बाहेरच्या कॅचच्या हाती लागत नसे. मी हे कोड-रिव्ह्यूमध्ये सविस्तर लिहून दिले होते. ‘चालतंय ना?’ एवढेच उत्तर मिळाले.

चालत होते, कारण नोड 14 मध्ये अशा न हाताळलेल्या रिजेक्शनची लॉगमध्ये फक्त वॉर्निंग पडे. ऑक्टोबर 2020 मध्ये आलेल्या 15 व्या आवृत्तीपासून त्याने प्रोसेसच बंद पडते. आम्ही 16 वर गेलो आणि महिनाअखेरीस सर्व्हर बसला, तेव्हा दोष नव्या आवृत्तीला देऊन जुनी परत बसवण्यात आली. याला मी आजही दुरुस्ती मानत नाही, कारण काही ग्राहकांना बिले आधीपासूनच मिळत नव्हती. ते नव्या आवृत्तीमुळे उघड झाले, इतकेच.

खरी दुरुस्ती म्हणजे फॉरईचऐवजी प्रत्येक फंक्शनने परत दिलेले गोळा करणारे मॅप वापरून मिळालेली प्रॉमिसे, सगळ्यांचा निकाल लागेपर्यंत थांबणाऱ्या प्रॉमिस.ऑलसेटल्डकडे द्यावीत आणि निकालातून रिजेक्ट झालेली बिले वेगळी काढावीत. येथे प्रॉमिस.ऑल नको, पहिल्याच रिजेक्शनला ते हात वर करते, बाकीचे मेल मात्र जातच राहतात आणि कोणाला गेले याचा हिशेब हाती उरत नाही. अर्थात, यादी मोठी असेल तर मॅपने सगळे मेल एकदम सुटतात आणि मेल सर्व्हर नकार देऊ लागतो. तेव्हा फॉर-ऑफ लूपमध्ये अवेट आणि प्रत्येक बिलाला स्वतंत्र ट्राय-कॅच ठेवावे. वेळ अधिक लागेल, पण हिशेब चोख राहील. काही कारणाने 14 वरच राहावे लागत असेल, तर नोड सुरू करताना अनहँडल्ड-रिजेक्शन्सचा पर्याय स्ट्रिक्ट ठेवावा, म्हणजे न हाताळलेले रिजेक्शन तिथेही नुसत्या वॉर्निंगवर सुटणार नाही. आमच्याकडे तेवढे जरी केले असते, तरी बिल न मिळालेल्या ग्राहकाच्या आधी ते आम्हाला कळले असते.