आत असलेल्या माणसाशी संपर्क : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा दीड महिन्यापासून कारागृहात आहे. पत्र लिहायला बसते, पण दोन ओळींपुढे काही सुचत नाही. घरातले लिहिले तर त्याला अधिकच वाईट वाटेल, अशी भीती वाटते. काय लिहू?

घरातलेच लिहा. कुंडीतल्या रोपाला आलेली कळी, सायकल शिकताना शेजारच्या मुलीचा फुटलेला गुडघा, तुम्ही त्याच्या खोलीतले कपाट कसे लावले, असे बारीकसारीक तपशील आतल्या माणसाला दुसरे कोणी देऊ शकत नाही आणि असे पत्र तो पुन्हा पुन्हा उघडून वाचतो. घरातला आनंद त्याच्यापासून लपवल्याने त्याचे दुःख हलके होत नाही. उलट घर आपल्यापासून दूर गेले, असेच त्याला वाटू लागते. तुम्हाला रडू आले, हेही एका ओळीत लिहिले तर चालेल, फक्त सबंध पत्र त्यात भिजू देऊ नका.

खटल्याविषयी मात्र काहीही लिहू नका. पत्रे बहुधा तपासली जातात, फोनवरचे बोलणेही अनेक ठिकाणी ध्वनिमुद्रित होते, आणि साक्षीदार कोण किंवा त्या दिवशी काय घडले, याविषयीचे एखादे भाबडे वाक्य पुढे त्याच्याच विरोधात वापरले जाऊ शकते. वकिलाच्या भेटीवर कर्मचाऱ्यांनी नजर ठेवावी, पण त्यांचे बोलणे ऐकू नये, असा संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे. कुटुंबीयांच्या भेटीला हे संरक्षण नाही.

आणखी एक साधी गोष्ट करा. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात तारखेसोबत अनुक्रमांक घाला. तपासणीत पत्रे अडकतात आणि मागेपुढे पोहोचतात. पाचव्यानंतर सातवे हाती पडले, की सहावे वाटेत आहे हे त्याला कळते आणि आई रागावली असेल या विचारात त्याच्या रात्री जात नाहीत. पहिल्या आठवड्यात दहा पाने आणि मग दोन महिने काहीच नाही, यापेक्षा दर आठवड्याला एक पान बरे. रॉबेन बेटावरच्या सुरुवातीच्या वर्षांत नेल्सन मंडेला यांना सहा महिन्यांतून एक पत्र आणि एक भेट एवढीच मुभा होती. तुमच्या मुलाला त्याहून अधिक सवलत असेल, तर ती वाया जाऊ देऊ नका.

प्रश्न : माझे पती शिक्षा भोगत आहेत. सहा वर्षांच्या मुलीला ‘बाबा कामासाठी दूर गेले आहेत’ असे सांगितले आहे. तिला भेटीला न्यावे का?

आधी खरे सांगावे आणि मगच न्यावे. ‘दूर गेले आहेत’ हे उत्तर फार दिवस टिकत नाही. शाळेत कोणीतरी बोलून जाते आणि मग मुलीला दोन धक्के एकदम बसतात, एक वडिलांचा आणि दुसरा तुमच्या खोटेपणाचा. सहा वर्षांच्या मुलीला कायद्याचे कलम नको असते. तिचे प्रश्न तीनच असतात : बाबा बरे आहेत ना, हे माझ्यामुळे झाले का, आणि ते कधी येणार? ‘बाबांच्या हातून नियम मोडला, त्यासाठी त्यांना एका मोठ्या इमारतीत राहावे लागते आहे, यात तुझी काहीच चूक नाही’ एवढे आज पुरे आहे. सुटकेची तारीख नक्की नसेल, तर सणापर्यंत किंवा वाढदिवसापर्यंत येतील असे सांगू नका. मूल दिवस मोजत बसते.

भेटीपूर्वी काय घडणार ते तिला क्रमाने सांगा. मोठे दार असेल, गणवेशातली माणसे पिशवी तपासतील, मध्ये काच असेल तर बाबांशी फोनवर बोलावे लागेल आणि त्यांना मिठी मारता येणार नाही. ही शेवटची गोष्ट न सांगता नेलेली मुले काचेपाशी गोठून उभी राहतात, आणि पलीकडे बसलेल्या वडिलांना वाटते की आपले मूल आपल्याला विसरले. एका चिमुकल्याने काचेवर तळवा टेकवला, वडिलांनी पलीकडून आपला तळवा त्यावर ठेवला, आणि दोघांच्या भेटीची उरलेली सारी मिनिटे तशीच गेली, हे मी जवळून पाहिले आहे. ती भेट वाया गेली, असे मी कधीच म्हणणार नाही.

काचेविना भेटण्याची काही सोय आहे का, हे कारागृहाच्या कल्याण अधिकाऱ्याला अवश्य विचारा. आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलाला त्यांच्याशी नियमित आणि थेट संपर्क ठेवण्याचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे नववे कलम सांगते. मात्र तो संपर्क मुलाच्या हिताचा असला पाहिजे. मुलगी येत नाही म्हणाली, तर ओढून नेऊ नका. कागदावर तिच्या तळव्याची बाह्यरेषा काढून ती पाठवा.

प्रश्न : भावाची बदली दुसऱ्या कारागृहात झाली आणि आम्हाला आठ दिवसांनी कळले. असे होऊ शकते का?

होते, पण होऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2015 मध्ये स्वीकारलेल्या ‘मंडेला नियमां’तील नियम 68 नुसार बंद्याला स्वतःच्या बदलीविषयी किंवा गंभीर आजाराविषयी कुटुंबाला तत्काळ कळवण्याचा हक्क आहे, आणि नियम 59 सांगतो की शक्य तितके त्याला घराजवळच्या कारागृहात ठेवावे. हे नियम कायद्याइतके बंधनकारक नाहीत, तरीही नव्या अधीक्षकांना बंदी क्रमांकासह लेखी अर्ज करताना त्यांचा उल्लेख जरूर करा आणि अर्जाची पोच घ्या.

प्रश्न : मुलगा दर फोनला जास्त पैसे मागतो. गेल्या वेळी एका अनोळखी माणसाच्या खात्यात भरायला सांगितले. आमची ऐपत संपत आली आहे.

अनोळखी खात्यात एक पैसाही भरू नका. आतल्या माणसावर कर्ज असते किंवा कोणीतरी त्याला धमकावत असते, तेव्हा मागणी नेमकी अशी येते, आणि एकदा पैसे मिळाले की ती वाढतच जाते. दरमहा झेपेल अशी एक ठरावीक रक्कम निश्चित करा, ती फक्त कारागृहाच्या अधिकृत खात्यात भरा आणि हा आकडा बदलणार नाही, हे त्याला शांतपणे सांगा. फोनवर ‘तुला कोणी त्रास देत आहे का’ असे विचारू नका, कारण जवळच कोणीतरी ऐकत असू शकते. प्रत्यक्ष भेटीत किंवा वकिलामार्फत विचारा. बंदी असलेली कोणतीही वस्तू, ती कितीही क्षुल्लक वाटली तरी, नेऊ नका. त्यापायी तुमचीच भेट बंद होईल आणि गुन्हाही नोंदवला जाईल.

प्रश्न : दोन वेळा भेटीला गेलो, दोन्ही वेळा माझे वडील बाहेर आलेच नाहीत. त्यांनी आम्हाला तोडले आहे का?

बहुधा नाही. आधी ते आजारी नाहीत ना, त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू नाही ना, याची कल्याण अधिकाऱ्याकडे चौकशी करा. शिक्षा म्हणून कुटुंबाशी संपर्क पूर्णपणे बंद करता येत नाही, असे मंडेला नियमांतील नियम 43 सांगतो. तो फक्त मर्यादित काळापुरता आणि सुरक्षेसाठी अत्यावश्यक असेल तेवढाच कमी करता येतो. यातले काहीच नसेल, तर कारण बहुतेक वेळा लाज हे असते. मुलाने आपल्याला या कपड्यांत पाहावे, हे अनेक बापांना सोसत नाही. काहींना भेटीनंतर होणारी अंगझडती नको असते, तर काहींना तुमची पाठमोरी आकृती दारातून जाताना बघवत नाही.

तरीही जात राहा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या कारागृह विभागाने 2003 ते 2007 या काळात सुटलेल्या सोळा हजारांहून अधिक बंद्यांची माहिती अभ्यासली, तेव्हा ज्यांना भेटायला कोणी येत असे त्यांना पुन्हा शिक्षा होण्याचा धोका 13 टक्के कमी आढळला. तुमच्या वडिलांविषयी हा आकडा काहीच ठरवत नाही. पण भेटींचे मोल किती आहे, हे त्यावरून कळते.

त्यांना ‘का आला नाहीत’ असे विचारणारे पत्र लिहू नका. तुम्ही गेला होता, बाकावर किती वेळ बसला होता आणि रागावलेला नाही, एवढेच लिहा. पुढच्या भेटीची तारीख त्याच पत्रात टाका आणि त्या दिवशी जा.