एसक्यूएलमध्ये सबक्वेरी, म्हणजे क्वेरीच्या आत लिहिलेली क्वेरी, नेहमीच स्लो असते का? आतली क्वेरी बाहेरच्या टेबलातल्या प्रत्येक रोसाठी (ओळीसाठी) पुन्हा चालते का?

नाही. पण हा प्रश्न वाचून माझी जुनी जखम ठसठसली, म्हणून लिहितोय.

पहिल्या नोकरीत आमच्या सीनियरचं एकच पालुपद होतं: "सबक्वेरी दिसली की जॉइन कर." ज्या ग्राहकांची एक तरी ऑर्डर आहे त्यांच्या थकबाकीची बेरीज मी 'इन' (आतल्या यादीत आहे का, ही अट) आणि सबक्वेरी वापरून काढली होती. रिव्ह्यूत त्यांनी जॉइन करायला लावला. जॉइन दोन टेबलांतले जुळणारे रो जोडतो, म्हणजे दर ऑर्डरीमागे ग्राहकाचा एक रो; त्यामुळे पाच ऑर्डरी असलेल्या ग्राहकाची थकबाकी पाच वेळा धरली गेली. त्यावर उतारा म्हणून त्यांनी समच्या (बेरजेच्या) आत डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरा) घालायला सांगितलं. झालं! थकबाकी सारखी असलेल्या दोन ग्राहकांपैकी एकाची गायब. रिपोर्ट वर गेला आणि बोलणी मी खाल्ली.

त्यांचा नियम हवेतून आला नव्हता. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.५ आवृत्तीपर्यंत 'इन'मधली साधी सबक्वेरीसुद्धा ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) आतून कोरिलेटेड, म्हणजे बाहेरच्या रोवर अवलंबून, करून टाकायचा. बाहेर लाख रो असले तर आतली क्वेरी लाख वेळा. पण २०१३ मध्ये ५.६ आलं, त्यात सेमी-जॉइन आणि मटेरियलायझेशन (आतला निकाल एकदाच काढून ठेवणं) आलं, आणि आम्ही ५.६ वरच होतो! सेमी-जॉइन म्हणजे आत एक जुळणारा रो सापडला की पुढे बघायचं नाही, बाहेरचा रो एकदाच घ्यायचा. मला नेमकं तेच हवं होतं. साध्या जॉइनचा अर्थच वेगळा.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेसही 'इन' आणि 'एक्झिस्ट्स'चा (आत काही सापडतं का, ही अट) सेमी-जॉइन करतो, 'नॉट एक्झिस्ट्स'चा अँटी-जॉइन (आत काहीच जुळलं नाही तरच बाहेरचा रो घ्यायचा). 'नॉट इन' मात्र टाळाच. आतून एक जरी नल (रिकामी किंमत) आला तरी बाहेर एकही रो मिळत नाही. या नलपायीच पोस्टग्रेस वर्षानुवर्षं त्याचा अँटी-जॉइन करत नव्हता.

हो, सिलेक्टच्या यादीतली कोरिलेटेड सबक्वेरी पोस्टग्रेसमध्ये खरोखरच प्रत्येक रोसाठी चालते. क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवणाऱ्या एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझमध्ये सबप्लॅनखालचा लूप्सचा आकडा, म्हणजे आतली क्वेरी किती वेळा चालली ते, बघा. तिथे आधी ग्रुप बाय करून (गटवार एकेक रो करून) जॉइन केलेला बरा. अर्थात बाहेर पन्नासच रो असतील आणि आत इंडेक्स असेल तर हातही लावू नका.

आणि रिव्ह्यूत कोणी "जॉइन कर" म्हणालं, तर आधी दोन्ही क्वेरींची बेरीज शेजारीशेजारी ठेवा, प्लॅन नंतर. मी तेव्हा नुसती मान डोलावली होती.