लॉगिनखालची ती टिक

'रिमेंबर मी'बद्दल तोच घोळ पुन्हा पुन्हा विचारला जातो. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो.

'रिमेंबर मी'वर टिक केली की पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये साठतो का? (ऐरोली)
नाही. पासवर्ड साठवायचा का, हे ब्राउझर वेगळं विचारतो.

मग 'कीप मी साइन्ड इन' वेगळं आहे का? (वाशी)
प्रत्येक साइट आपल्या मर्जीने शब्द वापरते. 'रिमेंबर मी' कुठे नुसतं युजरनेम भरून ठेवतं, कुठे थेट आत सोडतं. 'ट्रस्ट धिस डिव्हाइस' म्हणजे बहुधा पुढच्या वेळी ओटीपी मागणार नाही. खरेदीच्या काही साइट ही टिक आधीच करून ठेवतात, ती काढा. बँकेच्या साइटवर अडलात तर शाखेत विचारा.

मुलीचा प्रवेशअर्ज ठाणे स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात भरला. टिक केली नव्हती, ब्राउझरही बंद केला. आता काळजी नाही ना? (कळवा)
आहे. 'खिडकी बंद केली की लॉगआउट' हे ऐकीव ज्ञान आता सोडा. टिक नसेल तर साइट सहसा ब्राउझर बंद होईपर्यंतची कुकी (तुम्ही आत आहात, हे ओळखायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) देते, टिक असेल तर पुढच्या तारखेची. क्रोममध्ये ती मुदत 400 दिवसांपर्यंत जाऊ शकते. पण क्रोमला मागची पानं पुन्हा उघडायला सांगून ठेवलं असेल, तर ब्राउझर बंद होईपर्यंतची कुकीही टिकते. गेल्या जूनमध्ये मी अशाच एका दुकानात प्रिंट काढायला बसलो. ब्राउझर उघडताच कोणा मुलाचा मेल समोर आला: दहावीची गुणपत्रिका, आधार, वडिलांचं पासबुक. मी लॉगआउट केलं. दुकानदार म्हणाला, "होतं असं." होता कामा नये! परक्या मशीनवर इन्कॉग्निटो खिडकी (बंद केल्यावर कुकी न ठेवणारी खासगी खिडकी) उघडा, काम झालं की स्वतः लॉगआउट करा आणि डाउनलोड केलेल्या फाइली पुसा.
तुम्ही आजच मेलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये डिव्हाइसची यादी पाहा, अनोळखी असेल ते काढा, पासवर्ड बदला. अर्जाच्या साइटचाही बदला. मात्र पासवर्ड बदलला की सगळीकडून लॉगआउट होतंच असं नाही, तेव्हा त्यांच्या हेल्पडेस्कला विचाराच.

ऑफिसच्या लॅपटॉपवर 'स्टे साइन्ड इन?' येतं. यस करू? (महापे)
तुमच्या आयटीवाल्यांना विचारा.

सायबर कॅफेत मेल उघडा राहिला. चार दिवसांनी खात्यातून पैसे गेले. भाऊजी म्हणतात, आधी बँकेचं लेखी उत्तर येऊ द्या. (नौपाडा)
उत्तराची वाट पाहू नका. हे वाचून होताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, लगेच बँकेला कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि तो घेऊन पोलीस ठाण्यात जा.