घोडीचा खोकला इंजेक्शनने थांबतो आणि महिन्याभरात परत येतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सवारीची घोडी आहे, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, ताप नाही, खाणं व्यवस्थित. पण पळवायला सुरुवात केली की खोकते, आणि पावसाळ्यानंतर बसल्या जागी धापते. ही लक्षणं घोड्याच्या दम्याची. तरी डॉक्टरांकडून एकदा बाकीचे रोग नाहीत ना, याची खात्री करून घ्या. नाकातून चिकट पू, नाकात व्रण, अंगावर गाठी दिसल्या तर ग्लँडर्सची शंका घ्यायची. तो माणसालाही होतो. घोडी वेगळी बांधून पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवायचं.

दमा असेल तर इंजेक्शन ही दुसऱ्या नंबरची गोष्ट. घोडीच्या नाकात जाणारी धूळ आणि बुरशी थांबल्याशिवाय ती परत धापणारच. आपल्याकडे ही बुरशी बहुतेक वेळा कडब्यातून येते. पावसात ओल लागलेल्या गंजीतली पेंढी झटकून बघा: पांढुरकी पूड उडाली, कुबट वास आला, तर ती घोडीला नकोच. भिजवूनही नको, कारण पाण्याने धूळ बसते, बुरशीचं विष जात नाही.

चांगला कडबा मात्र भिजवूनच घाला. कुट्टी कांद्याच्या जाळीच्या पोत्यात भरून पिंपात अर्धा तास पूर्ण बुडवायची, निथळायची आणि पोत्यातून काढून जमिनीवर ठेवलेल्या घमेल्यात द्यायची. मान खाली राहिली की कफ सुटतो. पाणी चहासारखं होतं, ते दर वेळी फेकून द्या. भिजवलेलं उरलं तर त्याच दिवशी उचला, उन्हाळ्यात ते काही तासांत आंबतं. भरड आणि कोंडाही ओला करून.

जमत असेल तर सगळी वैरण हिरवीच ठेवा, दिवसाला 25 ते 30 किलो. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू, नाहीतर पोटशूळ उठतो. पण नुसत्या हत्तीगवतावर किंवा उसाच्या वाढ्यावर घोडी ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं, आणि त्यावर कोंडा जास्त झाला की हाडं ठिसूळ होतात. सोबत लसूणघास हवा.

अंथरायला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, स्वस्त मिळतो म्हणून वापरतात. साठवून बुरसलेल्या बगॅसने माणसांचीही फुफ्फुसं बिघडतात, घोडीचं काय! रबरी मॅट घ्या, वर थोडा रंध्याचा जाड भुसा. मुताचा वास तुम्हाला उभ्याने आला नाही तरी गुडघ्यावर बसून घेऊन बघा. घोडी आडवी होते तेव्हा तिचं नाक तिथंच असतं. झाडलोट आणि कुट्टीचं मशीन, दोन्ही घोडी बाहेर असताना.

रोज सकाळी, काम करण्याआधी, कुशीकडे बघून अर्धा मिनिट श्वास मोजा आणि दुप्पट करा. 8 ते 16 ठीक. वीसच्या वर असेल, किंवा श्वास सोडताना कूस दोनदा ओढली जात असेल, तर त्या दिवशी खोगीर नको. बाकी दिवशी पंधरा मिनिटं नुसती चाल. गळीत हंगामात पाचट पेटलेलं असेल तिकडे फिरवू नका.

वैरण-तबेला सुधारल्यावर फरक पडायला काही आठवडे लागतात. तोवर डॉक्टर स्टिरॉइड देतील. आधी खुरांच्या आत दाह झालेला असेल तर त्यांना आठवणीने सांगा, स्टिरॉइडने तो उलटण्याची भीती असते. मास्क लावून इन्हेलरने दिलेलं स्टिरॉइड त्या मानाने सौम्य, पण महाग. क्लेनब्यूटेरॉल श्वासनळ्या मोकळ्या करतं, सूज उतरवत नाही, आणि सलग दिलं तर काही आठवड्यांत त्याचा असर कमी होतो. घोडी गाभण असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगायचं.